देवाच्या कुत्र्याची सुई

भंडारी मेला तर रघोजीला काय मिळेल, याचा हिशेब चंद्रमतीनं चंपाषष्ठीच्या दुसऱ्याच दिवशी मांडून ठेवला होता. देव मिळेल. देवाबरोबर प्रत्येक कार्यातला पहिला विडा मिळेल. भाऊबंदांच्या बायकांनी आधी कुणाच्या दारी उतरायचं हा वाद मिटून सगळ्या गाड्या त्याच्याच दारी उभ्या राहतील. आणि घालवायचं काय? एक कुत्रा. तोही निम्माच त्याचा.

तंजावरचं राज्य जाऊन ऐंशी वर्षं होत आली होती. राजवाड्याच्या गच्च्यांवर वटवाघळं होती, कचेरीत कलेक्टर होता, आणि ज्यांच्या आजोबांनी राजाच्या डावीउजवीकडे घोडी चालवली त्यांचे नातू रेल्वेत आणि तालुका कचेरीत कारकुनी करत होते. पण मोहित्यांच्या दोन पात्यांत मानपानाचा कारभार अजून राज्य चालू असल्यासारखाच चालू होता. वाटणी झाली तेव्हा भांडी वाटली, नारळीची झाडं वाटली, विहीरसुद्धा वाटली: सकाळचं पाणी थोरल्या पातीचं, दुपारनंतरचं धाकट्या पातीचं. खंडोबाचा चांदीचा टाक तेवढा तोडता येईना. म्हणून पाळी ठरली. एका चंपाषष्ठीपासून पुढच्या चंपाषष्ठीपर्यंत देव एका घरी, मग दुसऱ्या. आणि देव आला की त्याचा कुत्रा आलाच. तो राजपाळयमहून आणायचा, पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा. त्याच्या कपाळाला रोज देवाचा भंडारा लागायचा म्हणून त्याचं नाव भंडारी. याच्या आधीच्याचंही भंडारीच, आणि त्याच्या आधीच्याचंही.

वाटणी करणाऱ्या म्हाताऱ्यांनी एक पाचर मारून ठेवली होती. कुत्रा वय होऊन गेला तर कुणाचा दोष नाही. पण रोगानं किंवा अपघातानं गेला, तर ज्याच्या पाळीत गेला त्यानं देवाची निगा राखली नाही असं धरायचं. त्याची पाळी तिथंच संपली. देव त्याच दिवशी दुसऱ्या पातीकडे, आणि पुढची एक पाळीही बुडाली.

रघोजी थोरल्या पातीचा. चंद्रमतीचे यजमान चिदंबरराव धाकट्या पातीचे, त्याचे चुलत भाऊ. ते नागपट्टणला रेल्वेत असत, रविवारी घरी येत, आणि कोणत्याही प्रश्नाला "बघू" म्हणत. त्यामुळं बघायचं काम चंद्रमतीकडे आलं होतं, आणि ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

कारण वैशाखात धाकटीचं, अंबुजाचं लग्न होतं. मोहित्यांची हळद देवापुढंच लागते. देव ज्या घरी, हळद त्या घरी. थोरल्या मुलीच्या, सीतालक्ष्मीच्या लग्नाला देव नेमका रघोजीकडे होता. चंद्रमती आपल्याच लेकीच्या हळदीला पाहुणीसारखी गेली होती, आणि रघोजीची बायको भुवनेश्वरी भरल्या मांडवात तिला म्हणाली होती, "जरा सरकून बसता का? आमच्या माहेरची माणसं यायचीत." चंद्रमती सरकली होती. त्यानंतर पाच वर्षं तिनं पंचांग चाळलं, तीन स्थळं नुसती तिथीवरून परतवली, आणि चौथं असं साधलं की लग्न तिच्या पाळीत पडावं. आता वैशाखापर्यंत भंडारी जगला पाहिजे होता. बस्स.

माघात बातमी आली की करंतैच्या बाजूला पिसाळलेलं कुत्रं फिरतंय. एका परटाच्या गाढवाला चावलं. मग म्हणे दोन गाढवांना. संध्याकाळपर्यंत गाढवांचा कळप झाला.

"आई, भंडारीला सुई टोचून आणायला हवी," अंबुजा म्हणाली.

"गेल्या वर्षी टोचलीय ना तुझ्या काकांनी."

"दर वर्षी टोचावी लागते म्हणतात."

टोचली होती हे खरं. गेल्या वर्षी पाळी रघोजीची होती. जनावरांच्या दवाखान्यात पिसाळण्यावरची लस आली, तेव्हा देवाच्या वाहनाला सुई खुपसायची की नाही यावर भाऊबंदांत महिनाभर खल झाला होता. एक दिवस रघोजी भंडारीला घेऊन गेला, तासाभरानं परत आला आणि तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर बसून त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं, "काळाबरोबर चाललं पाहिजे!" लोकांनी त्याचं कौतुक केलं. देवाचा दोष लागेल तो त्याच्या पाळीत लागेल, म्हणून चंद्रमतीनंही केलं.

त्या संध्याकाळी तो स्वतःच आला. रोज यायचाच. देवाला नमस्कार करायला, असं तो म्हणायचा. कुत्रा धडधाकट आहे का बघायला, असं चंद्रमती म्हणायची, मनात.

तिनं दाराआडून कॉफीचा लोटा पुढं सरकवला. "भावजी, भंडारीची सुई या वर्षी पुन्हा घ्यायची का हो?"

"छे! तीन वर्षं बघायला नको. डॉक्टरनं मला तोंडावर सांगितलंय."

"लोक तर म्हणतात वर्षानं घ्यावी."

"लोकांचं काय घेऊन बसलात बाईसाहेब? राजांचा खजिना नव्या कालव्याखाली पुरलाय असंही लोक म्हणतात. जाता का खणायला?"

"देवी नाही का पुन्हापुन्हा टोचत?"

"देवी माणसाला. हा कुत्रा. कुत्र्याचं आयुष्य केवढं? त्या मानानं तीन वर्षं म्हणजे आपली वीस झाली. मुक्या जनावराला उगाच भोकं पाडू नका."

मुक्या जनावराचा कळवळा रघोजीला! दसऱ्याला एका घावात बकरं पाडणारा माणूस. चंद्रमतीनं लगेच बोटांवर मोजलं. गेलं वर्ष त्याचं, येतं वर्ष त्याचं. तीन वर्षांतलं मधलं, उघडं पडलेलं वर्ष नेमकं आपलं. म्हणजे सुई संपावी, कुत्रा पिसाळावा आणि देव त्याच्या घरी चालत जावा.

"तरी मी म्हणते टोचूनच आणावी," ती म्हणाली. "मनाची शांती."

रघोजीनं कॉफीचा लोटा खाली ठेवला. मग तो एकदम मऊ झाला. "मग असं करा, मीच नेतो. तुम्ही बायकामाणसं कशाला त्या दवाखान्यात? शेणमूत, म्हशी, नाही ती माणसं. मी नेतो, मी आणतो. गेल्या वर्षी नेला तसा."

तो गेल्यावर चंद्रमती देवापुढं बसली आणि पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागली. टोचू नका म्हणाला तेव्हा वाटलं, टोचायलाच हवं. मी नेतो म्हणाला तेव्हा वाटलं, टोचू नये. मागं एका वकिलाच्या कुत्र्याला सुई घेतल्यावर मागचे पाय लुळे पडून आठवड्यात तो गेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. सुईनं मेला तर तोही अपघातच. अपघात माझ्या पाळीत. आणि सुई भरायला सांगणारा कोण, तर रघोजी. बाटलीत काय होतं ते कोण बघतो?

रघोजी खरंच भल्यासाठी बोलत असेल, ही तिसरी शक्यता तिनं बाजूला ठेवली. तिला घराण्यात दाखला नव्हता.

रविवारी चिदंबरराव आले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "बघू."

सोमवारी सकाळी तिनं पडद्याची बैलगाडी जुंपायला सांगितली, अंबुजाला आणि भंडारीला आत घेतलं, आणि कुणाला न सांगता दवाखाना गाठला. मोहित्यांच्या घरची बाई जनावरांच्या दवाखान्यात जायची ही पहिली वेळ. उतरायचा प्रश्न नव्हता. गाडी चिंचेखाली उभी केली आणि अंबुजानं पडद्यातून हात काढून हाक मारली.

डॉक्टर नटराज हा तिशीतला, मद्रासेत शिकून आलेला. त्यानं हात पुसत पुसत येऊन पडद्याला नमस्कार केला. "सांगा अम्मा."

"कुत्र्याला सुई किती वर्षांनी द्यायची?" पडद्यातून तमिळमध्ये प्रश्न आला.

"वर्षानं."

"गेल्या वर्षी तुम्ही तीन वर्षं सांगितली होती."

"मी? कुणाला?"

"ते राहू दे. वर्ष कशावरून?"

डॉक्टरनं कान खाजवला. "खरं सांगू? एक पुस्तक म्हणतं सहा महिने, दुसरं म्हणतं वर्ष. तीन वर्षं कुणीच म्हणत नाही, कारण तीन वर्षं थांबून बघायची कुणाची छाती नाही. आम्ही वर्ष धरतो."

म्हणजे यालाही पक्कं माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि सांगत नाही. सरकारी माणूस. जितक्या सुया तितका वरच्या साहेबाला आकडा मोठा. चंद्रमतीनं त्याच्याही नावावर एक फायदा टाकून ठेवला. "बरं. आधी कुत्रा बघा."

पडदा बाजूला झाला आणि भंडारीनं आपलं लांबोडं पांढरं तोंड बाहेर काढलं. कपाळावर पिवळा भंडारा, गळ्यात कवड्यांचा पट्टा. डॉक्टर खाली वाकला आणि तसाच थांबला.

"अम्मा, हा कुत्रा कुणाचा?"

"देवाचा. गेल्या वर्षी याला तुम्हीच टोचलंत."

"पट्टा तोच आहे," डॉक्टर म्हणाला. "या कवड्या मला आठवतात. पण कुत्रा हा नव्हे. तो तांबडा होता, तुटक्या कानाचा. हे बघा." त्यानं अंगठा वर केला. नखाच्या मुळाशी पांढरा वण होता. "मला चावला होता तो. चावलेला कुत्रा माणूस विसरत नाही."

पडद्यात आधी अंबुजा हसली. चंद्रमतीनं तिला चिमटा काढला.

"अंगावर पिवळा भंडारा फासून आणला होता त्याला," डॉक्टर सांगू लागला. "मोठ्या मिशीवाले गृहस्थ होते. मला वाटलं, तुमच्याकडची काही रीत असेल."

मोठी मिशी! चंद्रमतीला वाटलं, आज खंडोबानं स्वतः गाडी हाकली. वर्षभर रघोजीनं देवाचा कुत्रा उघडा ठेवला आणि भाऊबंदांना फसवलं. दोष लागायला नको, नाव मात्र मिळायला हवं! म्हणून तीन वर्षं. म्हणून 'मी नेतो'. पण म्हणजे त्याला कुत्रा मरायला नको होता? तसं दिसत होतं खरं. पण दिसतं तेवढ्यावर चंद्रमती कधी थांबली नव्हती.

डॉक्टरनं आतून बाटली आणली होती, सुई उकळून ठेवली होती. "वर्षानं की तीन वर्षांनी ते मागाहून भांडू, अम्मा. याला आधी एकदा तरी होऊ दे. करंतैचं कुत्रं अजून सापडलेलं नाही. धरा पाय."

अंबुजानं पाय धरला.

"थांबा," चंद्रमती म्हणाली. "आज टोचलं तर हा आधी टोचलेला नव्हता, हे उद्या कशावरून दाखवायचं?"

"कुणाला?"

"भाऊबंदांना. आज टोचलं की ते म्हणणार, गेल्या वर्षीही टोचलं होतं, डॉक्टरची काहीतरी चूक झाली."

"म्हणेनात का! सुई लागल्याशी कारण. सिद्ध कशाला करायचंय?"

"तुम्हाला भाऊबंद नाहीत वाटतं?"

"आहेत ना. म्हणून तर बदली मागून इकडे आलो."

चंद्रमतीला हसू आलं, पण ती बधली नाही. येत्या पौर्णिमेला ती सगळ्यांना आपल्या घरी बोलावणार होती. डॉक्टरनं यावं, अंगठा दाखवावा, चार लोकांत सांगावं. आणि सांगून झालं की तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, टोचावं. तोवर कुत्रा दाराबाहेर सोडणार नाही.

"आई, टोचून घेऊ या ना," अंबुजा हळूच मराठीत म्हणाली. "काकांचं मागनं बघू."

"तू तुझ्या बाबांसारखं बघू बघू करू नकोस."

"अम्मा," डॉक्टर म्हणाला, "आज टोचली तरी अंगात गुण यायला दिवस लागतात. आठ दिवस म्हणजे..."

"एवढं वर्ष राहिला की नाही उघडा?" चंद्रमती म्हणाली. "आठ दिवसांनी काय होतंय? गाडी वळव रे."

परतताना ती खुशीत होती. रघोजीची लबाडी उघडी पडली की देवाची निगा त्यानं राखली नाही असं ठरेल, म्हणजे बुडाली तर त्याची पाळी बुडेल. म्हणजे येतं वर्षही आपलं. एका सुईत दोन वर्षं. आठ दिवस थांबायला हा भाव काही वाईट नव्हता.

पौर्णिमेला दोन्ही पात्यांचे सात-आठ म्हातारे जमले; चिदंबररावही रजा काढून आले होते. आतल्या चौकात सतरंजी घातली होती. मधोमध तुळजाराम, वयानं सगळ्यांत मोठे आणि कानानं सगळ्यांत अधू. चंद्रमती माजघराच्या उंबऱ्याआड बसली होती. दोन बायका भात उपसत होत्या, कारण न्याय करायला आलेला मोहिता उपाशी जात नाही. भंडारीला तिण्णैच्या खांबाला बांधलं होतं, सगळ्यांना येताना दिसावा म्हणून. डॉक्टर एका कडेला, पिशवी मांडीवर घेऊन. पिशवीत बाटली आणि सुई.

डॉक्टरनं अंगठा दाखवला. तो सतरंजीवरून एका म्हाताऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरला, म्हणजे अंगठ्यामागून डॉक्टरलाही फिरावं लागलं. सगळ्यांनी तो निरखून पाहिला. मग सगळे रघोजीकडे बघू लागले.

चंद्रमतीला वाटलं होतं तो नाकबूल होईल. रघोजीनं मिशीवरून हात फिरवला. "होय. तांबडा नेला होता."

"ऐकलंत?" चंद्रमती उंबऱ्याआडून म्हणाली.

"अहो, पण का नेला तेही ऐका ना, बाईसाहेब. देवाच्या वाहनाच्या अंगात सुई खुपसायची माझी हिंमत नव्हती. तुमच्यापैकी कुणाची होती? महिनाभर सगळे माझ्यावर ढकलत होतात. म्हणून भंडारीचा पट्टा त्या तांबड्याच्या गळ्यात घातला, देवाचा भंडारा लावला, 'हे भंडारीच्या नावानं' असं म्हटलं आणि टोचून आणला. दोष तांबड्याला, गुण भंडारीला."

"असं कुठं असतं?" डॉक्टर म्हणाला.

"आमच्यात असतं," रघोजी म्हणाला. "आपले मूळपुरुष, तुळजारामकाका, त्यांचं लग्न कसं लागलं?"

"काय?"

"लग्न! मूळपुरुषांचं!"

"हां. तलवारीशी," तुळजाराम म्हणाले. "ते मोहिमेवर होते. मुहूर्त टळत होता. मांडवात त्यांची तलवार उभी केली, तिला मुंडावळ्या बांधल्या आणि नवरीनं तलवारीला माळ घातली."

"मग? लग्न झालं की नाही झालं?"

लग्न झालं नव्हतं म्हणावं तर सतरंजीवर बसलेले सगळेच कोण ठरत होते! तलवार नवऱ्याच्या जागी चालली तर तांबडा कुत्रा भंडारीच्या जागी का चालू नये? चंद्रमतीला तर वैशाखात अंबुजाच्या सासरच्यांसमोर हाच वंश सांगायचा होता.

"विधी झाला," तुळजाराम म्हणाले. "रघोजीनं सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही, एवढी चूक. पण विधी झाला."

"मग बदली सुई किती वर्षं धरायची?" एकानं विचारलं.

"डॉक्टर, किती?"

"शून्य," डॉक्टर म्हणाला. "कुत्र्याच्या अंगात सुई गेलीच नाही, तर..."

"तुमच्या शास्त्रात नसेल. तलवारीचं लग्न किती वर्षं टिकलं?"

"जन्मभर टिकलं की! नऊ मुलं झाली."

"तलवारीला?"

"गाढवा, मूळपुरुषांना! परत आल्यावर."

"मग सुईही जन्मभर."

"असं कसं जन्मभर? निम्मं धरा. साक्षात नव्हती ना."

"मी तीन वर्षं म्हणतच होतो," रघोजी म्हणाला.

डॉक्टरनं पिशवी उघडून पुन्हा मिटली. "अम्मा," तो उंबऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "माझं सांगून झालं. आता टोचू का?"

"जेवणं होऊ देत," चंद्रमती म्हणाली. तिला अजून आशा होती. बदली सुई निम्मीच असं ठरलं, तर निम्मं वर्ष तरी रघोजीनं कुत्रा उघडा ठेवला असं म्हणता आलं असतं. ती पुढचा मुद्दा जुळवत होती.

तेवढ्यात बाहेर भंडारी भुंकला नाही, ओरडला.

पुढचं फार भरभर झालं. एक काळं, लाळ गळणारं कुत्रं तिण्णैवर चढून भंडारीच्या मानेला झोंबलं होतं. भंडारी बांधलेला, त्याला ना पळता येत होतं, ना वळता. म्हातारे उठून आतल्या अंगाला धावले, कुणाची तरी पगडी रश्शात पडली, तुळजाराम "काय? काय?" करत जागच्या जागी राहिले. दाराकडे धावला तो एकटा रघोजी. त्याच्या हातात काठी नव्हती, काही नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी त्या काळ्याचा जबडा धरला आणि भंडारीच्या मानेवरून उपसून काढला. मग रस्त्यावरची माणसं मुसळं घेऊन आली.

चंद्रमती गोषा विसरून दारात उभी राहिली होती. रघोजीचा उजवा पंजा मनगटापर्यंत फाटला होता आणि तो डाव्या हातानं भंडारीची मान चाचपत होता. "लागलं का रे? लागलं का?" तो कुत्र्याला विचारत होता. यात याचा काय फायदा, असा प्रश्न तिच्या मनात सवयीनं आला. तिनं चारही बाजूंनी शोधलं. काहीच हाती लागेना, आणि त्याचंच तिला भय वाटलं.

डॉक्टरनं रघोजीचा हात साबणानं धुतला, धूतच राहिला. मग भंडारीच्या मानेवरची जखम पाहिली आणि तो खाली बसला.

"त्या दिवशी टोचला असता तर बांधून ठेवून वाट तरी पाहिली असती," तो म्हणाला. कुणाला उद्देशून म्हणाला नाही, पण उंबरा तिथंच होता. "असा ठेवता येत नाही. घरात मुलंबाळं आहेत. ठेवू म्हणाल तरी मला ठेवू देता येत नाही."

"आता टोचा ना," अंबुजा म्हणाली. "आता टोचा!"

डॉक्टरनं पिशवीतून दुसरी बाटली काढली. रघोजीनं भंडारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि फाटक्या हातानं त्याच्या कपाळाला भंडारा लावला. भंडारीला साऱ्या जन्मात एकच सुई लागली, ती ही.

संध्याकाळी म्हाताऱ्यांनी नियम काढला. अपघात, चंद्रमतीच्या पाळीत. यावर वाद झाला नाही. देव आजच हलायला हवा.

रघोजी हाताला फडकं बांधून तिण्णैवर बसला होता. पहाटेच्या गाडीनं त्याला तिरुच्चीला मोठ्या इस्पितळात जायचं होतं, तिथं दोन आठवडे रोज पोटात सुई. तो दाराकडे न बघता म्हणाला, "बाईसाहेब, टाक राहू दे तुमच्याकडे. अंबुजाची हळद होईपर्यंत. मी काही बोलणार नाही, भुवनेश्वरीलाही बोलू देणार नाही. पोरीचं कार्य आहे."

चंद्रमती दाराआड उभी होती. फक्त "बरं" म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं, म्हणूनच ती थबकली. आज राहू दे म्हणतोय. उद्या मांडवात कुणीतरी म्हणेल, देव यांचा नव्हे, थोरल्या पातीनं दया म्हणून ठेवलाय. तेव्हा कुणाची मान वर आणि कुणाची खाली? की देव मुद्दाम ठेवायला लावून, नियम मोडला म्हणून पुढच्या साऱ्याच पाळ्या कायमच्या... आणि हाताचं एवढं सहन करून माणूस फुकट काही सोडेल?

"आई," अंबुजा तिचा पदर ओढत होती. "हो म्हण ना. आई!"

"नको भावजी," चंद्रमती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

दिवेलागणीआधी तिनं टाक रेशमी फडक्यात गुंडाळला आणि चिदंबररावांच्या हाती देऊन पाठवला. ते दारात जरा थांबले, तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच "बघू" म्हणाले नाहीत.

वैशाखात अंबुजाची हळद रघोजीच्या घरी लागली. देणं कुणी किती दिलं ते असं: भंडारीनं जीव दिला. रघोजीनं पोटावर सुया झेलल्या, आणि उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. तळी त्यानं डाव्या हातानं उचलली. अंबुजा दुसऱ्याच्या पाटावर बसून नवरी झाली आणि सासरी गेल्यावर वर्षभर तिनं आईला पत्र लिहिलं नाही. चंद्रमतीची ही पाळी गेली, पुढची गेली, आणि मांडवात तिला सरकायला कुणी सांगितलं नाही तरी ती आपण होऊन भिंतीला लागून बसली. राजपाळयमहून नवं पिल्लू आलं. त्याला सुई वर्षानं की तीन वर्षांनी हे ठरवायला तेच म्हातारे पुन्हा जमले. त्यांना या सगळ्यात काही द्यावं लागलं नाही. ते तेव्हाही जेवून गेले होते, आणि आताही जेवून गेले.